वाड्यातली तपकिरी बटनं, माळ्यावरचा रेडिओ आणि कुकरचा दांडा

साताऱ्याच्या मंगळवार पेठेत जुन्या वाड्याची दुरुस्ती काढलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. भिंतीवरून तपकिरी, गोल, खटक्याची बटनं उतरवली आहेत. माळ्यावर एक रेडिओ सापडला, त्याचा एक कोपरा उडालेला आहे. आजोबांचा काळा टेलिफोन आहे. आणि एका डब्यात पिवळसर, हस्तिदंतासारखी दिसणारी फणी आहे. हे सगळं बॅकेलाइटच का? बटनं नव्या वायरिंगला पुन्हा जोडता येतील का? रेडिओ लावून बघावा का? नव्या कुकरचा दांडाही त्याच जातीचा असतो म्हणतात, ते खरं का?

मी सांगलीत आधी रेडिओ दुरुस्ती केली, मग कुपवाडच्या एमआयडीसीत बॅकेलाइटच्या प्रेसवर, म्हणजे पावडर साच्यात दाबून वस्तू करणाऱ्या यंत्रावर, काम केलं, आणि नंतरची सगळी वर्षं घरांच्या वायरिंगमध्ये गेली. म्हणजे ही वस्तू पावडर असताना मी हाताळली आहे, साच्यातून गरम बाहेर पडताना पाहिली आहे आणि जळाल्यावर भिंतीवरून उतरवलीही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. पण घाईची उत्तरं आधी देतो. बटनं बॅकेलाइटची आहेत, ती पुन्हा जोडू नका. रेडिओची पिन थेट भिंतीत खुपसू नका, त्यात जिवाला धोका आहे. फणी बहुतेक बॅकेलाइट नाही, ती देवघरापासून आणि गॅसपासून लांब ठेवा. आणि कुकरचा दांडा, हो, त्याच घराण्यातला.

आता हे बॅकेलाइट काय आहे ते प्रेसवरूनच सांगतो, कारण मला ते तिथंच कळलं. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड या दोन रसायनांपासून एक राळ होते. फिनॉल म्हणजे आपल्याला कार्बोलिक साबणाच्या वासामुळे माहीत असलेला पदार्थ. या राळेत लाकडाचं बारीक पीठ आणि रंग कालवून केलेली पावडर पोत्यातून यायची. बल्बच्या होल्डरला लागेल तेवढी पावडर मोजून तापलेल्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, टाकायची. डाय साधारण १६० ते १७० अंशांवर, आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोच्या आसपास. पावडर आधी मऊ होते, पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरते आणि मग तिथल्या तिथे घट्ट होत जाते. सुरुवातीलाच प्रेस क्षणभर उघडून वाफ सोडायची, पुन्हा बंद करायची. आम्ही त्याला ब्रीदिंग म्हणायचो. मिनिटभरात होल्डर तयार. हातात घेतला तर चटका बसेल इतका गरम, पण दगडासारखा घट्ट. थंड होईपर्यंत थांबायचं काम नाही, कारण तो थंडीनं घट्ट झालेलाच नसतो, उष्णतेनं झालेला असतो.

सगळी गोम इथं आहे. आपल्या भागात गूळ प्रत्येकानं पाहिलाय. गूळ तापवला की वितळतो, निवला की घट्ट होतो, पुन्हा तापवा, पुन्हा वितळेल. बादली, मग, पिशवी यांचं प्लॅस्टिक गुळासारखं. बॅकेलाइट भाकरीसारखं आहे. तव्यावर भाजलेली भाकरी पुन्हा तापवून तिचं पीठ होत नाही. फार तापवली तर ती करपते. बॅकेलाइटमधल्या रेणूंची उष्णतेनं एकमेकांत सगळ्या दिशांनी गाठ बसते आणि ती गाठ पुन्हा सुटत नाही. म्हणून तुटलेला तुकडा सोल्डरिंगच्या कावियानं चिकटवायला जाऊ नका, नुसता जळेल. भंगारवाला होल्डर फोडून पितळ काढून घेतो आणि तपकिरी कपच्या तिथंच टाकून जातो, त्याचंही कारण हेच. वितळवून दुसरी वस्तू करता येत नाही, मग त्याला कोण पैसे देणार?

प्रेस उघडून वाफ का सोडायची, हे मला पहिले काही महिने कळलं नव्हतं. एकदा मी ते टाळलं आणि अख्खी पाळी फोड आलेला माल निघाला. राळ घट्ट होताना आतून पाणी सुटतं. एवढ्या उष्णतेत त्याची वाफ होते आणि ती वाफ माल फुगवते. मिस्त्रींनी तेव्हा समजावलं की सोडायची तेवढी वाफ सोड, आणि उरलेली दाबाखाली गप्प बसव. पुढं मी या शोधाची हकीकत वाचली, तेव्हा लक्षात आलं की त्या माणसाचीही अडचण नेमकी हीच होती.

तो माणूस म्हणजे लिओ बेकलंड. जन्म १८६३ सालचा, बेल्जियममधल्या घेंट गावचा. १८८९ मध्ये तो अमेरिकेत गेला. तिथं त्यानं व्हेलॉक्स नावाचा फोटोचा कागद काढला. १८९९ मध्ये कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमननं तो धंदा विकत घेतला, आणि त्या पैशावर बेकलंड न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये घरच्याच प्रयोगशाळेत बसला. त्याला हवी होती लाखेची बदली. वीज नुकतीच घराघरांत शिरत होती, तारांना आणि यंत्रांना इन्सुलेशन लागत होतं आणि त्यासाठी लाख वापरली जायची. ही लाख मुख्यतः आपल्याच देशातून जायची. एवढ्याशा किड्यानं झाडाच्या फांदीवर केलेला थर, तो खरवडून, गाळून तयार व्हायचा. मिरजेचे सतार-तंबोऱ्याचे कारागीर चपड्याचं पॉलिश करतात, ती हीच लाख. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही लाखेच्याच मिश्रणाच्या. लाख गुणी आहे, पण गरमीनं मऊ पडते आणि स्पिरिटमध्ये विरघळते.

फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र केल्यावर राळेसारखं काहीतरी होतं, हे जर्मनीच्या अडॉल्फ फॉन बायरनं १८७२ मध्येच पाहिलं होतं. त्याला रंग हवे होते. भांड्याला चिकटून बसलेला हा गोळा त्याच्या कामाचा नव्हता. नंतर ज्यांनी प्रयत्न केले त्यांचा माल फुगून स्पंजासारखा व्हायचा, म्हणून ते उष्णता कमी करून हळूहळू काम करायचे. बेकलंडनं उलटा रस्ता धरला. उष्णता वाढवली आणि फुगू नये म्हणून बंद भांड्यात वरून दाब दिला. त्या भांड्याला त्यानं बेकलायझर नाव दिलं. मला ते चित्र पाहून आपला कुकरच आठवतो. जाड भिंतीचं, घट्ट झाकणाचं, वाफ आत कोंडणारं भांडं. १३ जुलै १९०७ ला त्यानं उष्णता आणि दाबाच्या या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९०९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या रसायनशास्त्रज्ञांपुढं ते जाहीर केलं, आणि डिसेंबरमध्ये पेटंट मिळालं. १९१० मध्ये त्याची जनरल बॅकेलाइट कंपनी निघाली. त्याच १९१० मध्ये आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवायला घेतली. त्या पिढीची धडपड मला या दोन्ही गोष्टींत सारखीच दिसते.

बॅकेलाइट हे खरं तर त्या कंपनीचं नाव. पदार्थाचं नाव फिनॉल फॉर्मल्डिहाइड किंवा फिनॉलिक. याच्या आधी सेल्युलॉइड होतं, पण ते कापसातल्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून केलेलं. संपूर्णपणे रसायनांतून माणसानं बनवलेलं पहिलं प्लॅस्टिक म्हणजे बॅकेलाइट.

आता तुमच्या वस्तू एकेक घेऊ. त्यातही फणी आधी.

फणी पिवळसर, हलकी, जराशी लवचिक असेल आणि तळव्यावर घासल्यावर कापरासारखा वास आला, तर ती सेल्युलॉइडची आहे. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. हा पदार्थ भडकन पेट घेतो. बॅकेलाइट ओळखायला लाल तापवलेली सुई टोचायची, असं काही जण सांगतात. कृपा करून तसं करू नका. बॅकेलाइटला डाग पडेल आणि सेल्युलॉइड असलं तर हातात पेटेल. फणी कागदात गुंडाळून, हवा लागेल अशी, गार जागी ठेवा. हवाबंद डब्यात कोंडू नका.

बॅकेलाइट ओळखायची माझी पद्धत साधी आहे. वस्तू वजनाला भरीव लागते. नखानं टिचकी मारली तर आवाज पोकळ, मऊ येत नाही, कोरडा येतो. रंग काळा किंवा गडद तपकिरी, कधी तपकिरीत गडद लाटा. अंगठ्यानं जोरात चोळून गरम करा आणि लगेच वास घ्या, कार्बोलिक साबणाचा हलका वास येतो. मागच्या बाजूला, जिथं कुणाला दिसणार नाही तिथं, पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं पितळेचं पॉलिश घेऊन घासा. फडक्याला पिवळसर तपकिरी डाग आला तर खात्री समजा. तुटलेली कड पाहायला मिळाली तर सगळ्यात उत्तम, कारण आतलं लाकडाचं पीठ दाणेदार दिसतं. पांढरी किंवा मोतिया बटनं मात्र बॅकेलाइटची नव्हेत. फिनॉलिक राळ मुळातच पिवळट असते आणि वयानं काळवंडते, तिच्यातून पांढरा रंग निघत नाही. ती बटनं बहुतेक युरिया फॉर्मल्डिहाइडची. तेही भाकरीच्याच जातीचं, पण घर वेगळं.

बटनांबद्दल मी ठाम आहे. पुन्हा जोडू नका. लोक म्हणतात, एवढी वर्षं टिकली, आजच्या बटनांपेक्षा दणकट आहेत. दणकट आहेत, मान्य. पण बॅकेलाइटचा एक अवगुण आहे, तो इलेक्ट्रिशियन सोडून फारसा कुणाला माहीत नसतो. आतल्या पितळी पट्ट्यांमध्ये ठिणगी पडत राहिली, त्यावर धूळ आणि दमट हवा बसली, की पृष्ठभाग जळून तिथं कोळशाची बारीक रेघ तयार होते. कोळसा वीज वाहतो. म्हणजे ज्या वस्तूनं वीज अडवायची, तीच वाट करून देते. आम्ही म्हणतो, बटनानं कार्बन धरला. बाहेरून बटन चकाकत असतं आणि आत ही रेघ असते. शिवाय ती बटनं एका दिव्याच्या हिशेबाची, ५ अँपिअरची. आज त्याच भिंतीवर गीझर आणि मिक्सर येतात. जुन्या लाकडी पट्टीवरच्या, रबर आणि सुती विणीच्या तारा तर हात लावताच भुगा होतात, त्या सगळ्याच काढा.

एक खूण प्रत्येक घरात माहीत असायला हवी. बोर्डाजवळ मासळीसारखा उग्र वास येऊ लागला आणि घरात तसं काही शिजत नसेल, तर बटन, होल्डर किंवा प्लगचं प्लॅस्टिक आतून तापतंय असं समजा. मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. राळ पक्की करायला वापरलेल्या रसायनांतून तापल्यावर हा वास सुटतो. शाकाहारी घरातल्या एका आजींनी चार दिवस खिडक्या लावून घेतल्या होत्या, वास शेजारून येतोय म्हणून. मी बोर्ड उघडला तेव्हा मागचा लाकडी ठोकळा काळा पडला होता.

पाण्याचं म्हणाल तर आम्ही सांगलीकरांनी ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती. पाणी ओसरल्यावर गावभागात आणि खणभागात आम्ही बोर्डच्या बोर्ड उतरवले. बॅकेलाइट पाण्यात विरघळत नाही, पण आतलं लाकडाचं पीठ कडेनं, भोकांतून, ओरखड्यांतून पाणी पितं. बोर्डाला वापरतात ती हायलम शीट म्हणजे याच राळेत भिजवून दाबलेले कागदाचे थर. तिच्या कडा फुगून पापुद्रे सुटले होते. बाहेरून वाळलेले होल्डर मेगर (इन्सुलेशन किती पक्कं आहे ते मोजायचं यंत्र) लावल्यावर एक मेगाओमसुद्धा दाखवत नव्हते, म्हणजे आतून वीज गळत होती. उन्हात दोन दिवस ठेवून काम भागेल असं वाटलेल्यांना नंतर झटके बसले. तुमच्या वाड्याची ती भिंत पावसात ओली होत असेल, तर तिथली बटनं अशीच समजा. शोभेला ठेवायची असतील तर वायर न जोडता जुन्या लाकडी ठोकळ्यावर नुसती बसवा. शेजारी नवं बटन लावा. माझ्या दोन गिऱ्हाइकांनी तसं केलं आहे आणि ते छान दिसतं.

टेलिफोनला फार काही करायला नको. बंगळुरूची इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ मध्ये सुरू झाली आणि तसे काळे, जड फोन देशभर गेले. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, पिळलेलं फडकं, तबकडीच्या भोकांना मऊ ब्रश. पाण्यात बुडवू नका. मग पातळसं मेण लावून सुती कापडानं घासा. सँडपेपर मात्र कधीही नको. साच्यातून निघताना वस्तूवर राळेचा गुळगुळीत थर बसलेला असतो, ती तिची कातडी. ती खरवडली की आतलं पीठ उघडं पडतं आणि वस्तू कायमची भुरकट होते. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. उष्णता सोसावी म्हणून काही जुन्या भागांत लाकडाच्या पिठाऐवजी अ‍ॅस्बेस्टॉस घालायचे. अख्ख्या वस्तूचा त्रास नाही, पण घासून किंवा ड्रिल मारून त्याची धूळ करणं फुप्फुसाला फार वाईट.

कुकरच्या दांड्याचं सांगतो. कुकरच्या आतली वाफ १२० अंशांच्या आसपास असते. त्याला स्क्रूनं जोडलेला दांडा मऊ पडून चालणार नाही आणि हाताला चटकाही बसता कामा नये. गुळाच्या जातीचं साधं प्लॅस्टिक तिथं वाकेल. फिनॉलिक वाकत नाही आणि उष्णता फार हळू पुढं जाऊ देतं. शंभर वर्षांनंतरही कुकर, तवा, इस्त्री यांना तेच लागतं, ते याचसाठी. फक्त ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊन दांड्याला चाटू देऊ नका. दांडा राखाडी, खडूसारखा पडला असेल तर तो जळालाय. स्क्रू ढिला झाला तर बेतानं आवळा, जोर लावलात तर भोकाशी तडा जातो. आणि तडा गेलेला दांडा त्याच दिवशी बदला. भरलेला कुकर उचलताना तो तुटल्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे.

आणखीही ठिकाणी हे तुमच्या आसपास आहे. ओट्याखालच्या सनमायकाचे आतले तपकिरी थर, पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवुडचा डिंक, गाडीच्या ब्रेक लायनिंगमधली पकड. आपल्या भागातल्या फाउंड्रीत शेल मोल्डिंगची, म्हणजे ओतकामाचे पातळ साचे करायची राळ लावलेली वाळू तापलेल्या साच्यावर पडली की जो कार्बोलिकसारखा वास सुटतो, तोही याच राळेचा.

राहिला रेडिओ. जुन्या व्हॉल्व्हच्या अनेक सेटमध्ये आतला लोखंडी सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असायचा. माणूस आणि करंट यांच्यामध्ये फक्त ती बॅकेलाइटची पेटी. म्हणून नॉब निघालेला असेल तर उघड्या दांडीला हात लावायचा नाही. नॉबच्या बाजूच्या स्क्रूवर मेण भरलेलं दिसेल, ते बोट लागू नये म्हणूनच आहे. कचरा समजून काढू नका. मागचं कव्हर नसताना सेट कधीही लावू नका. शिवाय एवढी वर्षं पडून राहिलेले कपॅसिटर एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं तर फुटतात किंवा शॉर्ट होतात. आम्ही आधी ते बदलतो, मग सिरीजमध्ये बल्ब लावून सेटला हळूच जाग आणतो. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, तिथंच थांबायचं. हे काम जाणत्याकडूनच करून घ्या.

उडालेल्या कोपऱ्याची काळजी करू नका. पाटण भागातला एक रेडिओ माझ्याकडे आला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात तो फडताळावरून पडला होता. घरातल्यांनी त्याच्या चारही कपच्या तंबाखूच्या डबीत जपून ठेवल्या होत्या. बॅकेलाइट तुटताना वाकत नाही, ताणत नाही, त्यामुळे इतक्या वर्षांनीही प्रत्येक कपची आपल्या जागी केसाइतकंही अंतर न ठेवता बसली. अराल्डाइटमध्ये थोडी तपकिरी पूड कालवून मी त्या जोडल्या आणि रात्रभर सुतळीनं बांधून ठेवल्या. तेव्हा ताई, माळा झाडायच्या आधी रेडिओ होता त्या जागेची धूळ चाळणीनं चाळून घ्या. नखाएवढी तपकिरी कपची सापडली तरी ती टाकू नका.